बायकांच्या क्वायरची ऑडिशन: तयारी काय करू?

मंद्रसप्तकी: बायकांच्या एका हौशी क्वायरमध्ये (पाश्चात्य पद्धतीचं समूहगान) ऑडिशन द्यायचीय. लहानपणी थोडं शास्त्रीय शिकले होते, नंतर सुटलं. माझा सा काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी). आवाज जाड आहे, वर चढताना ताणला जातो. फॉर्मवर सोप्रानो (बायकांचा उंच आवाज) की अल्टो (खालचा आवाज) असं विचारलंय, तिथे काय लिहू? स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्य स्वरलिपी) अजिबात येत नाही. आणि गाणं कोणतं न्यावं?

पेटीवाली: काळी चारमध्ये मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) नीट लागतो का? लागत असेल तर डोळे मिटून अल्टो लिहा. अल्टोला साधारण तुमच्या मंद्र शुद्ध धैवतापर्यंत (खालचा ध) उतरावं लागतं आणि वर तार पंचम (वरच्या सप्तकातला प) म्हणजे डोक्यावरून पाणी. सोप्रानोच्या ओळी पार अतितार षड्जाच्या (तार सप्तकाच्याही वरचा सा) आसपास जातात, तिकडे फिरकूच नका.

जाड आवाजाची लाज तर मुळीच नको. बायकांच्या क्वायरमध्ये बहुतेक वेळा दोन सोप्रानो, दोन अल्टो असे चार भाग असतात. खाली पुरुषांचे आवाज नाहीत, त्यामुळे सगळा डोलारा दुसऱ्या अल्टोवर उभा. (अवांतर: अठराव्या शतकात व्हेनिसच्या पिएता अनाथालयात संगीतकार विवाल्दी शिकवायचा. तिथल्या समूहात टेनर-बासच्या (एरवी पुरुषांच्या) ओळीसुद्धा बायकाच गायच्या.)

दुसरी_रांग: मी अल्टोत गाते. आमच्याकडे आधी पियानोवर सरगम अर्ध्या-अर्ध्या स्वराने वर सरकवत नेतात, मग खाली. आवाज कुठे फाटतो ते त्यांना बघायचंच असतं, तेव्हा ओढूनताणून वरचा स्वर काढू नका. मग चार-पाच स्वर वाजवतात, ते ऐकून 'ला'वर म्हणायचे. पलटे (स्वरांच्या उलटसुलट रचनांचा सराव) घोटलेल्या माणसाला हे सोपं जातं.

खरी परीक्षा पुढे. तुम्ही तुमची ओळ गायची आणि शेजारी दुसरी कुणीतरी वेगळी ओळ गाणार. आपण आयुष्यभर एकाच सुरावलीत गायलेलो असतो, त्यामुळे नकळत तिच्या ओळीवर घसरतो. यावर उपाय म्हणजे फोनवर एखादं सोपं गाणं रेकॉर्ड करा, ते लावून त्यावर फक्त सा किंवा पंचम धरून ठेवा. मग हळूहळू मूळ सुरावलीच्या तिसऱ्या स्वरावरून (सा असेल तिथे ग) चालणारी ओळ जोडा. रोज थोडं थोडं, कान वळतो.

कणसूर: गाण्याबद्दल माझं मत जरा वेगळं. लोक 'सगळ्यात अवघड' गाणं नेतात आणि आपटतात. दोन कडव्यांचं, शब्द स्पष्ट असणारं, आवाजाच्या मधल्या पट्ट्यातलं न्या. ताना, मुरक्या, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) घरी ठेवा. क्वायरला सरळ उभा स्वर लागतो, दहाजणींनी दहा प्रकारे आंदोलन (स्वर हलवणं) घेतलं तर नुसता गोंगाट. 'आ' आणि 'ओ' सगळ्यांचे सारखे उघडायला हवेत, ते आरशात बघून करा.

मंद्रसप्तकी: बाप रे, मींड सोडायची म्हणजे अवघडच. नोटेशनचं काय? आणि सध्या घसा बसलाय.

दुसरी_रांग: नोटेशन येत नाही हे आधीच सांगून टाका. बरेच हौशी गट प्रत्येक भागाचं रेकॉर्डिंग देतात, ऐकून पाठ करणाऱ्या आमच्याकडेही आहेत. त्या पाच रेघांवरचे ठिपके वर गेले की स्वर वर, एवढं ओळखता आलं तरी सुरुवातीला पुरतं.

पेटीवाली: घसा बसलेला असताना ऑडिशन देऊ नका हो, तारीख पुढे मागा. आणि पाणी आदल्या दिवसापासून प्या. दारात उभं राहून गटागटा प्यायलेलं पाणी स्वरतंतूंपर्यंत जात नाही, ते अन्ननलिकेतून खाली.