रिसॉर्टचे १,५८,९०० रुपये आणि बाथरूममधली दुपार

दोन_पिल्लांची_आई (पुणे)

दिवाळीत गोव्याला जाऊन आलो. वार्का, दक्षिण गोवा, समुद्राला लागून असलेलं मोठं रिसॉर्ट. येऊन दहा दिवस झाले, एक बॅग अजून दारामागे तशीच आहे आणि उघडली की वाळू सांडते. रिसॉर्टचं नाव लिहीत नाही, कारण भांडण त्यांच्याशी नाही. नवऱ्याशी आहे. रिसॉर्टचा मेल आलाय की येत्या रविवारपर्यंत पुढच्या दिवाळीचे पैसे भरले तर वीस टक्के सूट, मात्र रद्द केलं तर परत काही मिळणार नाही. नवरा म्हणतो भरून टाकू. मी म्हणते थांब.

आधी हिशोब. आम्ही पाच जण: आम्ही दोघं, सासूबाई, मोठा पाच वर्षांचा, धाकटी दीड वर्षाची. खोली रात्रीला १६,५०० आणि सासूबाईंसाठी जादा खाट ३,५००, नाश्ता त्यातच. चार रात्रींचे ८०,०००, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९४,४००. विमान ३७,१०० (धाकटीला सीट नाही, मांडीवर, तरी तिचे पैसे घेतातच). टॅक्सी जाऊन-येऊन ६,४००. दोन वेळचं जेवण, चहा, सरबतं मिळून २१,०००. एकूण १,५८,९००. बोनस त्यातच गेला. आधी ठरवलं होतं, म्हणून त्याबद्दल कुरकुर नाही.

कुरकुर दुपारची आहे.

धाकटी एक ते तीन झोपते. घरी ती आतल्या खोलीत झोपते आणि बाहेर घर चालू राहतं. इथे एकच खोली. फोटोत एवढी मोठी दिसत होती, पण खोली ती खोलीच. पडदे ओढायचे, दिवे बंद, टीव्ही बंद आणि चार माणसांनी श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. नवरा बाल्कनीत फोन घेऊन. काचेचं दार सरकवलं की आवाज होतो म्हणून एकदा बाहेर गेला की दोन तास तिकडेच. सासूबाई खाटेवर डोळे मिटून पडलेल्या, पण जाग्या, कारण माळेचे मणी सरकताना दिसत होते. आणि मी मोठ्याला घेऊन बाथरूममध्ये. कोरड्या टबात आम्ही दोघं समोरासमोर पाय दुमडून बसायचो आणि मी कुजबुजत गोष्ट सांगायचे. एक्झॉस्ट फॅन चालू ठेवायचा, म्हणजे आमचा आवाज बाहेर जात नाही. कोल्ह्याची गोष्ट चार दिवसांत अकरा वेळा सांगितली. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "आई, समुद्र बंद असतो का दुपारी?"

बाकी काय काय झालं ते पटकन. मोपाच्या विमानतळावर उतरलो कारण तिकीट स्वस्त होतं, मग टॅक्सीत दोन तास, पैकी शेवटच्या अर्ध्या तासात धाकटीने ड्रायव्हरच्या सीटवर आणि माझ्या ओढणीवर ओकून ठेवलं. पूलमध्ये लहानांना स्विम डायपरशिवाय सोडत नाहीत (बरोबरच आहे), ते आम्ही नेले नव्हते, आतल्या दुकानात एकच पाकीट होतं, ते ११०० ला. मुलांच्या खेळघरात मोठ्याच्या तोंडावर वाघ रंगवला, तो धुवायला तो तयार होईना, तसाच झोपला. सकाळी उशीवर वाघ. उशीच्या अभ्र्याचे ८०० बिलात लागले. समुद्रावर दोन दिवस लाल झेंडा होता. जीवरक्षक शिट्टी मारून घोट्यापलीकडे जाऊ देत नव्हते, ते मला फार आवडलं, कारण तेवढा वेळ पहारा माझ्याकडे नव्हता.

आणि एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पहिल्या दिवशी धाकटीसाठी मेन्यूतली 'किड्स खिचडी' मागवली, ६५० अधिक टॅक्स. वर काजू, आत क्रीम. तिने एक घास तोंडात फिरवला आणि माझ्या हातावर काढून ठेवला. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला सासूबाई सरळ काउंटरमागे उभ्या असलेल्या मुलाकडे गेल्या आणि म्हणाल्या, "बाळा, जरा गुरगुट्या भात मिळेल का?" तो सावंतवाडीचा निघाला. हसला, म्हणाला, "पेज चालेल?" आणि स्टाफच्या जेवणघरातून स्टीलच्या वाडग्यात उकड्या तांदळाची पेज घेऊन आला, वर खोबऱ्याची कातळी आणि बाजूला लोणच्याचा खार. धाकटीने वाडगा दोन्ही हातांनी धरला तो सोडेचना. पुढचे सगळे दिवस तेच. बिलात कधी लागलं नाही.

तर प्रश्न असा: एवढ्या लहान मुलांना घेऊन असल्या ठिकाणी जाण्यात अर्थ आहे का? की दोन-तीन वर्षं थांबावं? खर्चाची लाज वाटत नाही, प्रवचन नको. पण मी चार दिवसांत एकदाही दुपारी डोळा लावला नाही, हे मला पचत नाहीये.

---

सरळ_बोलतो

प्रवचन नको म्हणालात, तरी. दीड लाखात आम्ही चार वर्षांच्या सुट्ट्या काढल्या असत्या. आम्ही लहानपणी मे महिना मामाच्या गावी काढला, आंबे खाल्ले, विहिरीत पोहायला शिकलो. मुलांना स्विम डायपर नाही, गाव लागतं.

---

दोन_पिल्लांची_आई

दादा, मामाचं गाव आहे. वाड्याला कुलूप आहे, किल्ली ठाण्याला, आणि मामा न्यू जर्सीला. विहिरीवर जाळी टाकलीय. आणि खरं सांगू, तुम्ही आंबे खात होतात तेव्हा मामी काय करत होती, ते आठवतंय का?

---

निगडीचा_बाबा

ताई, तुमचा टब वाचून हसलो आणि मग बायकोला दाखवलं तर ती हसली नाही. आम्ही महाबळेश्वरला अगदी हेच केलं होतं, फक्त टब नव्हता, पायऱ्यांवर बसलो होतो.

मी कराचं काम करतो, त्यामुळे हिशोबातच शिरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून हॉटेलच्या खोलीचा दर दिवसाला ७,५०० पर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के. त्याच्या वर गेला की पूर्ण रकमेवर १८. म्हणजे ही सरळ पायरी आहे, चढण नाही. आणि जादा खाटेचे पैसे त्याच खोलीच्या दरात मिळवतात. ७,२०० च्या खोलीत १,००० ची खाट टाकलीत की ती ८,२०० ची खोली झाली आणि १८ मध्ये गेली. लोक इथेच फसतात.

आता तुमचं बघा. १६,५०० अधिक ३,५०० म्हणजे २०,००० ची एक खोली. त्याऐवजी जरा लहान हॉटेलात ७,००० च्या शेजारशेजारच्या दोन खोल्या घेतल्यात तर रात्रीचे १४,०००, त्यावर ५ टक्के म्हणजे ७००. चार रात्रींचे ५८,८००. तुमच्यापेक्षा ३५,६०० कमी, आणि एक भिंत आणि एक दार जास्त. धाकटी एका खोलीत, बाकीचे दुसऱ्या. आळीपाळीने एकाने तिच्यापाशी झोपायचं, आणि 'झोपायचं' म्हणजे खरंच झोपायचं.

तसंच ७,५०० च्या वरच्या दराने खोल्या देणाऱ्या हॉटेलच्या आतल्या रेस्टॉरंटलाही १८ टक्के लागतात. रस्ता ओलांडून साध्या हॉटेलात गेलात तर ५. त्या क्रीमवाल्या खिचडीवर तुम्ही ११७ रुपये कर भरला आहे. (क्षमस्व, सवय आहे.)

पूल मात्र लहान असेल आणि खेळघर बहुधा नसेल. ते आधी फोन करून विचारा. फोटोवर जाऊ नका, आजच्या तारखेचा व्हिडिओ मागा. देतात.

पैसे आत्ता भरू नका. लहान मुलांच्या घरात वर्षभर आधीची, परत न मिळणारी बुकिंग म्हणजे कांजिण्यांना आमंत्रण.

---

मडगांवची_माय

मोपाला उतरून वार्काला? अगे बाये! मोपा पेडण्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला टेकून. वार्का सासष्टीत. तुम्ही गोवा उभा कापून आलात, सत्तरेक किलोमीटर. दाबोळीच्या विमानतळावर उतरला असतात तर त्याच्या निम्म्याहून कमी. तिकिटात वाचलेले पैसे टॅक्सीत गेले असणार. उत्तरेला राहायचं असेल तर मोपा, दक्षिणेला दाबोळी, एवढं लक्षात ठेवा. नाहीतर पुण्याहून रेल्वेने मडगावला या. लोंढा ओलांडला की दूधसागर खिडकीतून दिसतो, मोठा खूश होईल. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. मोठा पाचचा झाला म्हणजे त्याचं लागेल, धाकटी फुकट.

पेजेचं वाचून बरं वाटलं. ती आमच्याकडे सकाळी दहा-अकराला सगळेच खातात, शेतावरचे, ऑफिसातले, हॉटेलातले. पाहुण्यांच्या मेन्यूत नसते कारण पाहुणे मागत नाहीत.

आणखी एक. दिवाळीत येऊ नका. तेव्हा गुजरात, मुंबई, पुणे सगळं इथेच असतं, दर दुप्पट, आणि पावसाळा नुकताच सरलेला असल्याने समुद्र अजून पुरता निवळलेला नसतो. जानेवारी संपता संपता, सोमवार ते गुरुवार या. मोठ्याची शाळा अजून बुडवता येते, दोन वर्षांनी येणार नाही. ओहोटीला सकाळी किनाऱ्यावर न्या. बारकी खेकडुली वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या करून बिळाभोवती रांगोळी घालून ठेवतात. भरती आली की पुसलं, पुन्हा ओहोटीला नवं. माझ्या नातवाचा तासभर तिथेच जातो आणि मी खुर्ची टाकून बसते.

---

सदाशिवातली_आजी

सूनबाई, तुम्ही छान लिहिता. पण मी तुमचं लिखाण दोनदा वाचलं आणि मला त्यात एक खाट दिसली. ३,५०० ची. ती कुठे टाकली होती? आमच्या वेळी बाथरूमच्या दाराशी टाकली होती. रात्री ज्याला जायचं तो माझ्या पायांवरून. गेल्या वर्षी लेकाने मला अशाच ठिकाणी नेलं. सगळे म्हणत होते, आई, आराम करा. आराम म्हणजे काय, तर ती दोघं संध्याकाळी 'जरा चालून येतो' म्हणून गेली की नातवंडं माझ्यापाशी. मला नातवंडं आवडतात, तक्रार नाही. पण घरी निदान माझं स्वयंपाकघर असतं, तिथे मी 'थांबा रे' म्हणू शकते. त्या हॉटेलात चहासुद्धा फोन करून मागवायचा, आणि तो ३०० रुपयांचा आहे हे कार्डावर वाचल्यावर मी चार दिवस दुपारचा चहा प्यायला नाही. कुणाला कळलंही नाही.

तुमच्या सासूबाई डोळे मिटून माळ ओढत होत्या, असं लिहिलंय. त्यांना विचारलंत का, कशी झाली सहल?

---

दोन_पिल्लांची_आई

आजी, खाट बाथरूमच्या दाराशीच होती. तुम्ही लिहिल्यावर मला आठवलं. म्हणजे दुपारी मी मोठ्याला घेऊन आत जाताना रोज त्यांच्या पायांवरूनच जात होते.

काल रात्री भांडी झाल्यावर विचारलं. आधी "छान झाली की" म्हणाल्या. मग मी तुमचं चहाचं वाचून दाखवलं. त्या बराच वेळ ओटा पुसत राहिल्या. म्हणाल्या, "मी एकदा मागवला होता. पहिल्याच दिवशी. मग किंमत बघितली आणि तुला सांगितलं की मला ॲसिडिटी होतेय." मी ती ॲसिडिटी खरी समजून त्यांना रोज गोळी देत होते! त्या ती घेत होत्या!

त्यांचं म्हणणं असं की पुढच्या वेळी त्यांना वेगळी खोली द्यावी, नाहीतर आम्ही चौघांनी जावं आणि त्या चार दिवस घरी राहून भिशीच्या मैत्रिणींना बोलावतील. दोन्हीत त्यांना सारखाच आनंद आहे. आणि धाकटी दुपारी त्यांच्या खोलीत झोपली तर चालेल, "पण एक दिवसाआड. एक दिवस तुझ्या नवऱ्याने झोपवावी. बाल्कनीत काय दिवे लावत होता तो?"

निगडीच्या दादांचा हिशोब नवऱ्याला दाखवला. ३५,६०० बघून तो गप्प झाला, मग म्हणाला पण पूल लहान असेल. असेल. रविवार गेला, पैसे भरले नाहीत. तो जरा फुगलाय, पण जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातल्या रजेचा अर्ज त्याने टाकलाय, सोमवार ते गुरुवार. उतरणार दाबोळीला.

मडगांवच्या ताई, एक काम आहे. इंद्रायणीची पेज करून बघितली, धाकटीने तोंड फिरवलं. आंबेमोहोराचीही नको म्हणते. पुण्यात उकडे तांदूळ दोन दुकानांत मिळाले, पण ते इडलीचे, पांढरे आहेत. तिथला लालसर, जाड दाण्याचा मडगावच्या बाजारात काय म्हणून मागायचा? आणि शिजायला किती शिट्ट्या लागतात, की तो कुकरमध्ये लावायचाच नसतो?