आवाज खराब झालाय पण काम अप्रतिम झालंय, परत शूट करू की डब करू?

पहिली_फ्रेम
नमस्कार मंडळी. आम्ही पाच जण मिळून एक शॉर्ट फिल्म करतोय, फिल्म स्कूलचं कोणीच नाही, सगळे नोकरी सांभाळून शनिवार-रविवार शूट करतो. गोष्ट निवृत्त वडील आणि त्यांच्या मुलीची, ती घर विकायचा विषय काढायला आलीये आणि ते विषय टाळत राहतात, एवढीच. स्क्रिप्ट १८ पानांची, त्यातली ९ पानं झालीत. कॅमेरा म्हणजे फोनच, एक ट्रायपॉड आणि एक उसना एलईडी लाइट.

वडिलांचं काम करणारे काका हौशी नाटकात बरीच वर्षं मुरलेले, वय पासष्टच्या पुढे. मागच्या रविवारी त्यांचा मुख्य सीन केला, स्वयंपाकघरातला. मुलगी बोलतेय आणि ते डबे आवरतायत, मग एकदम हातातलं झाकण कुठल्या डब्याचं ते शोधत बसतात, एक लावून बघतात, बसत नाही, दुसरं लावतात, आणि शेवटी डबा उघडाच ठेवून मान खाली घालून बोलायला लागतात. हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं हो. कट म्हटल्यावरसुद्धा कोणी जागचं हललं नाही.

घरी येऊन हेडफोन लावला आणि पोटात गोळा आला. पूर्ण सीनभर पंख्याची घरघर, मागे फ्रीज, आणि जिथे काका मान खाली घालतात तिथे तर शब्दच कळत नाहीत. आवाज फोनच्याच माइकवर घेतला होता आणि फोन दहा फुटांवर. शिवाय दोन शॉटमध्ये मागची ट्यूब फडफडतेय.

काका परत करायला तयार आहेत पण त्यांचंच म्हणणं की तसंच परत येईल याची खात्री नाही. आमच्यातला एक म्हणतो की उरलेले पैसे चांगला कॅमेरा भाड्याने घेण्यात घालू आणि सगळंच नव्याने करू. मला तो सीन सोडवत नाहीये. काय करू?

बूम_धरणारी
तो सीन अजिबात फेकू नका. मी छोट्या फिल्म्सवर साउंड करते आणि हे दुखणं इतक्यांदा बघितलंय की काय सांगू. आधी कारण समजून घ्या म्हणजे पुढच्या ९ पानांत परत होणार नाही. माइकपासून माणूस दुप्पट लांब गेला की त्याचा आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो, पण खोलीतली घरघर आहे तेवढीच राहते. म्हणजे एक फुटावरून दहा फुटांवर गेलात की २० डेसिबल गेले. महाग माइक असता तरी तिथे मारच खाल्ला असता, कारण प्रश्न अंतराचा आहे.

आता उपाय. काकांना त्याच स्वयंपाकघरात परत बोलवा, कॅमेरा नाही, फक्त आवाज. याला आम्ही वाइल्ड म्हणतो. पंखा बंद, फ्रीज बंद, खिडकी बंद, टेबलावर आणि भिंतीला जाडी रजई लावा. कॉलरचा साधा माइक दुसऱ्या फोनला जोडा आणि छातीवर, तोंडापासून वीतभर अंतरावर लावा. लॅपटॉपवर सीनचा तुकडा हेडफोनमधून दोन-तीनदा ऐकवा आणि लगेच म्हणायला सांगा, एकेक वाक्य, प्रत्येक तीनदा. आणि महत्त्वाचं म्हणजे डबा आणि झाकण त्यांच्या हातात द्या. खुर्चीत बसून म्हटलेलं वाक्य वेगळं येतं, श्वास वेगळा येतो, हात कामात असले की आवाज त्या सीनचा येतो.

ही काही गरिबीची तडजोड वगैरे नाहीये. दिग्दर्शक रॉबर्ट रॉड्रिगेझने १९९२ ची एल मारियाची ही फिल्म सुमारे ७००० डॉलरमध्ये केली, त्याचा १६ एमएम कॅमेरा इतका आवाज करायचा की शॉट मुका घ्यायचा आणि लगेच त्याच जागी नटांकडून तीच वाक्यं टेप रेकॉर्डरवर घ्यायची असं त्याने केलं. ओठ जुळेनासे झाले की दुसऱ्या शॉटवर कट.

आणखी एक, फ्रीज बंद करताना गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवा. म्हणजे तो परत चालू केल्याशिवाय घरी जाताच येणार नाही. आम्ही सगळे करतो हे.

जाण्याआधी पंखा त्याच स्पीडवर लावून मिनिटभर कोणीही न बोलता रेकॉर्ड करा, मग पंखा बंद करून आणखी मिनिटभर. कशाला ते एडिटवाले सांगतील.

एडिट_टेबल
सांगतो. पंख्याची घरघर एकसारखी असते म्हणून ती सॉफ्टवेअरने बरीच काढता येते, येणारे-जाणारे आवाज काढणं खरं कठीण. पण पूर्ण साफ करायला जाऊ नका, माणूस पाण्याखालून बोलतोय असं व्हायला लागतं. थोडी काढा, थोडी राहू द्या, आणि नव्याने घेतलेल्या वाक्यांखाली तीच पंख्याची मिनिटभराची पट्टी हलकी पसरवा म्हणजे सांधा कळणार नाही. आणि सीनच्या सुरुवातीला फिरणाऱ्या पंख्याचा एक शॉट टाका. एकदा पंखा डोळ्यांना दिसला की कानाला तो खटकत नाही.

तुम्ही लिहिलंय की शब्द कळत नाहीत ते मान खाली आहे तिथेच. अहो मग तर बरंच झालं की, ओठ दिसतच नाहीयेत! डबिंगला याहून सोपी जागा नाही. बाकी वाक्यांना मुलीचा चेहरा घ्या. तिचा नुसता ऐकतानाचा पूर्ण टेक घेतलाय का? नसेल तर तो मात्र नक्की शूट करा, तासाभराचं काम आहे आणि त्यावर आख्खा सीन तरतो.

फोनची अजून एक भानगड, बरेच फोन फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं घ्यायची तो आकडा, स्थिर ठेवत नाहीत, कमीजास्त होतो, त्यामुळे सुरुवातीला जुळवलेला वेगळा आवाज पाचव्या मिनिटाला ओठांपासून सरकलेला असतो आणि माणूस रात्रभर डोकं धरून बसतो. एडिटला घ्यायच्या आधी सगळ्या क्लिप हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटवर काढून घ्या, फुकट आहे. आवाज ४८ किलोहर्ट्झवरच रेकॉर्ड करा. एडिटला दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरते.

ट्यूब फडफडते कारण शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा कितवा भाग प्रकाश मिळतो ते, विजेच्या तालात नाहीये. वीज ५० हर्ट्झची असेल तिथे २५ फ्रेमला शटर १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झ असेल तिथे १/६०. पुढच्या वेळी मॅन्युअल कॅमेरा ॲप घेऊन शटर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक करा. आत्ताचे दोन शॉट ४के मध्ये असतील तर क्रॉप करून ट्यूब फ्रेमबाहेर काढता येते का बघा.

लेन्सप्रेमी
मी थोडं वेगळं सांगतो, राग मानू नका. फोनची इमेज मोठ्या पडद्यावर लगेच ओळखू येते, फेस्टिव्हलला पाठवायचं असेल तर कॅमेरा घ्याच. एवढी मेहनत करताय तर ती दिसायला पण पाहिजे ना.

शनिवारचं_शूट
लेन्सप्रेमी, मेहनत दिसावी हे पटतं, पण या केसमध्ये पैसे तिथे घालणं मला चूक वाटतं. दिग्दर्शक शॉन बेकरची टँजरिन २०१५ ला सनडान्स फेस्टिव्हलला दाखवली गेली, ती आयफोन ५एस वर शूट केलेली. पण लोक अर्धीच गोष्ट सांगतात, त्या फिल्मला साउंडसाठी नीट माणूस आणि नीट सामान होतं. चित्र खरबरीत असलं तर बघणारा त्याला शैली समजतो, आवाज फाटका असला की पाच मिनिटांत उठतो. उरलेल्या पैशांत दोन कॉलर माइक घ्या आणि सगळ्यांना वेळेवर जेवायला घाला. फुकट येणाऱ्या माणसाला उपाशी ताटकळत ठेवलं की तो तिसऱ्या शनिवारी येत नाही, हे मी भोगलंय, माझी एक फिल्म त्यातच बंद पडली.

खरा प्रश्न मला उरलेल्या ९ पानांचा वाटतो. क्रिस्टोफर नोलनने १९९८ ची त्याची फॉलोइंग ही फिल्म अशीच केली, सगळे नोकरीवाले, साधारण वर्षभर शनिवारी शूट, फिल्मचं रीळ महाग म्हणून तालीम एवढी की एक-दोन टेकमध्ये शॉट ओके व्हावा. आपल्याला फोनवर टेक फुकट पडतो ना, म्हणून आपण तालीमच करत नाही. पण काकांची ताकद फुकट नाहीये, आठव्या टेकला ते थकणारच. उरलेली पानं त्यांच्याबरोबर आधी नुसती बसून वाचा, लोकेशनवर एकदा चालून घ्या, आणि जे पान वाचताना लांबल्यासारखं वाटेल ते काढून टाका. झाकणाचा सीन तुम्ही म्हणता तसा असेल तर वडिलांना घर का सोडवत नाही हे परत शब्दांत सांगायची गरज आहे का, प्रामाणिकपणे बघा. पाहिलेली नसताना सांगतोय पण मला तरी वाटतं तीन-चार पानं गळतील.

हां, आणि काकांची, मुलीची आणि घरमालकाची लेखी परवानगी आत्ताच घ्या. पूर्ण होईपर्यंत ऑनलाइन टाकू नका, काही फेस्टिव्हल आधी ऑनलाइन आलेली फिल्म घेत नाहीत.

पहिली_फ्रेम
सगळ्यांचे मनापासून आभार. काल वाइल्ड घेतलं. किल्ली फ्रीजमध्ये ठेवली होती.

एक गोष्ट झाली ती सांगायलाच हवी. मान खाली घातल्यावरचं वाक्य आम्ही स्क्रिप्टमधून वाचून घेत होतो आणि ते काही केल्या बसेना, प्रत्येक वेळी लांब व्हायचं. काकांनी हेडफोन लावून सात-आठ वेळा ऐकलं आणि म्हणाले, अरे मी हे बोललोच नव्हतो. त्या टेकमध्ये त्यांनी घराबद्दलचं पूर्ण वाक्य गाळून मुलीला फक्त लहानपणीच्या नावाने हाक मारली होती, जे नाव आम्ही पहिल्या पानावर एकदाच वापरलंय. पंख्याच्या आवाजात आम्हा पाच जणांना ते ऐकूच आलं नव्हतं. मग तेवढंच म्हणाले, डबा हातात धरून, पहिल्याच टेकला बसलं.

त्यानंतर स्क्रिप्टमधली १२ ते १५ नंबरची पानं काढून टाकली. मुलीचा ऐकतानाचा टेक नव्हता घेतलेला, तो या शनिवारी घेतोय. तिला समोर काकांचा नवीन आवाज लावून ऐकवावा की काका स्वतः समोर बसावेत?

बूम_धरणारी
काका समोर बसू देत, कॅमेऱ्याला चिकटून, म्हणजे तिची नजर बरोबर जाईल. आणि ती हाक त्या दिवशी त्यांनी जेवढ्या हळू मारली होती तेवढ्याच हळू मारायला सांगा. पंखा बंद ठेवा.