अंतुले साहेबांवर अन्याय झाला म्हणे. कोणी केला?

जुना पक्षकार (धागाकर्ता)
कालपासून बॅ. अंतुलेंवरची एक पोस्ट फिरतेय. सार असं की, कायदा कोळून प्यायलेला असा मुख्यमंत्री पुन्हा झाला नाही, सिमेंटचं कुभांड रचून त्यांना घालवलं आणि पुढे सुप्रीम कोर्टाने त्यांना निर्दोष ठरवलं. खाली नुसते अंगठे आणि 'साहेब अमर रहे'. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

सिमेंट तेव्हा कोट्यावर मिळायचं. बिल्डरला कोटा हवा, साहेबांच्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला देणगी हवी. या दोन्हींची सांगड घातली गेली, असं मुंबई हायकोर्टाचे न्या. लेंटिन यांनी समाजवादी नेते प. बा. सामंतांच्या अर्जावर 12 जानेवारी 1982 ला निकालात म्हटलं. राजीनामा त्यामुळे द्यावा लागला. आता ज्या 1988 च्या निकालाचे ढोल बडवता, तो सात न्यायाधीशांचा. त्यांच्यावरचा भ्रष्टाचाराचा फौजदारी खटला स्पेशल जज्जकडून काढून हायकोर्टात पाठवला ते चुकलं, एवढंच त्यात आहे. पैसे घेतले की नाही, याचा त्यात निवाडाच नाही! सगळी बॅरिस्टरी खर्ची पडली ती खटल्याला मंजुरी कोणी द्यायची आणि कोर्ट कुठलं यावर.

म्हसळेकर
मग आरोपीने काय स्वतःहून दोर गळ्यात घालून घ्यायचा? कोर्ट चुकीचं होतं हे सात जणांच्या पीठाने बहुमताने सांगितलं, तुमच्या-माझ्यासारख्या कट्ट्यावरच्यांनी नाही.
जेमतेम दीड वर्ष मिळालं त्या माणसाला. तेवढ्यात सिंधुदुर्ग केला, जालना केला, कुलाब्याचा रायगड केला. तुमच्या आवडत्या मुख्यमंत्र्याने पाच वर्षांत काय केलं, तेही लिहा की.

घाटाखालचा
रायगड नाव दिलं, छान. जिल्ह्याचं ठिकाण मात्र अलिबागच. पोलादपूरच्या माणसाने एका सहीसाठी पहाटेची एसटी धरायची आणि रात्री घरी यायचं. साहेब इकडचेच ना? मग तेवढं का नाही बदललं?

म्हसळेकर
विषय काय, बोलता काय! अलिबागकरांशी भांडायचं तर वेगळा धागा काढा.

अॅड. सुमेधा
फौजदारी वकिली करते, म्हणून दोन ओळी. डिसेंबर 1991 मध्ये घटनापीठाने खटला विनाविलंब चालण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 21 मध्येच, म्हणजे जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कातच आहे असं सांगितलं, तो निकाल 'अब्दुल रहमान अंतुले विरुद्ध आर. एस. नायक' याच नावाचा. कच्च्या कैद्यांसाठी आम्ही तो आजही दाखवतो. माझा एक अशील, हमाली करणारा. तारखेला आणायला पोलीस पार्टी नाही, साक्षीदार आला तर सरकारी वकील नाही. वर्षं अशीच गेली. शेवटी जामीन झाला त्या अर्जात पहिला आधार हाच होता. राजकारण तुम्ही करा, पण हा निकाल विसरू नका.

जुना पक्षकार
वा! पायरीपायरीवर अपिलं करून स्वतःच खटला रेंगाळवायचा आणि वर उशिराबद्दल गळा काढायचा. त्यातून हमालाचं भलं झालं असेल तर आनंद आहे, पण त्याचं श्रेय घटनापीठाला द्या, आरोपीला कशाला? भांडं फुटलं म्हणून मांजराची आरती ओवाळत नाही कोणी.

अॅड. सुमेधा
अपील करणं म्हणजे रेंगाळवणं नव्हे. स्वतःवर समन्स आलं की कळेल, दादा.

निर्मलाकाकू
तुमचं कोर्ट तुम्हाला लखलाभ. संजय गांधी निराधार योजना 1980 मध्ये त्यांनीच आणली. माझ्या नणंदेचं चहा-साखरेचं, औषधाचं त्याच पैशावर भागतं. कोणत्या बॅरिस्टरने बाईमाणसाचा एवढा विचार केला?

टपालवाला
काकू, योजना चांगली, पण आज तिची दशा बघा. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21 हजार! म्हणजे महिन्याला 1750. त्याच्या वर कमावणारा म्हणे निराधार नाही. कोंबड्या पाळणारी विधवासुद्धा बाद होईल. मग तलाठ्याकडून खोटा दाखला घ्यायला तिला सरकारच भाग पाडतं.

निर्मलाकाकू
खोटा कशाला म्हणता? नणंदेचा दाखला खराच आहे, मी स्वतः रांगेत उभी होते.

टपालवाला
तुमच्या नणंदेला कोण बोललं? आमच्या तालुक्यातलं सांगतो. मंजुरी देणाऱ्या समितीवर अध्यक्ष कोण, तर पालकमंत्र्यांचा कार्यकर्ता. सरकार बदललं की समिती बरखास्त, नवी होईपर्यंत अर्ज कपाटात. आमच्या आळीतल्या आजींना विचारलं, "मतदान कुठे केलंत?" फॉर्मवर हा रकाना नाही बरं का.

म्हसळेकर
हा दोष अंतुलेंचा? ते जाऊन किती वर्षं झाली!

जुना पक्षकार
नसेल. योजनेचं श्रेय देतो, घ्या. पण पोस्टमध्ये 'निर्दोष' लिहिलं होतं, त्यावर अजून एकानेही उत्तर दिलेलं नाही.

म्हसळेकर
दोषी तरी कुठल्या निकालात ठरवलंय, ते दाखवा. शिक्षा किती झाली? चूप का?
आणि त्यांच्यानंतर खुर्चीवर कोण बसलं? बाबासाहेब भोसले, तेही बॅरिस्टरच. दिल्लीला वकिलांचा इतका राग होता तर त्यांना कशाला आणलं?

जुना पक्षकार
दिल्लीला राग होता असं मी कधी म्हटलं? वाचता येतं ना? लेंटिन साहेबांचा निकाल काढून वाचा आणि मग या भांडायला.

निर्मलाकाकू
टपालवाले भाऊ, नणंदेचा हप्ता दोन महिने आलेला नाही. बँकेत म्हणतात आधार जोडलेलं नाही, तहसीलला म्हणतात हयातीचा दाखला नाही. नक्की कुठे जायचं?

टपालवाला
आधी तहसीलला जा, काकू. दाखला द्या आणि पोच घ्याच. आधारचं बँकेतच होईल, पण तो शिपाई 'उद्या या' म्हणाला तर मॅनेजरच्या टेबलासमोर बसून राहा.