आजीच्या लुगड्यांची गोधडी: थर सरकतात, काय करू?

कोथरूडकर:
नमस्कार मंडळी. आजीची दोन-तीन सुती नऊवारी लुगडी आहेत, त्यात एक काळी चंद्रकळा. शिवाय आईच्या काही सहावारी, त्यातल्या निम्म्या सिंथेटिक. गोधडी घरीच शिवायची ठरवलंय. साधं घरगुती मशीन आहे, सरळ शिलाई येते. पण थर एकावर एक पसरून मशीनखाली घेतले की खालचा थर पळतो आणि वर झोळ येतो. आई म्हणते सगळ्याच साड्या घाल, टाकायच्या कशाला! सिंथेटिक आतल्या थरात ढकलल्या तर चालतील? आणि हातानं शिवायची तर सुरुवात कुठून करायची? शिवून देणारे आहेत हो, पण मलाच करायचीये.

माई_मिरज:
आधी सिंथेटिक बाजूला काढ. आईला सांग, त्यांच्या बाजाराच्या पिशव्या होतील. सुती कापड घाम टिपतं, ते टिपत नाही. धुतल्यावर सुती आटतं, ते आटत नाही, मग आत गोळा होऊन बसतं. कुठली कसली ते कळत नसेल तर पदराचा एक दोरा ओढून पेटव. सुती कागदासारखा जळून राख होते, सिंथेटिक वितळून कडक मणी होतो.

मग सगळं गरम पाण्यात धुऊन घे. खळ राहिली तर कसर लागते. फॉल उसव, जरीचा काठ असेल तर काप, अंगाला टोचतो. कापड उजेडात धर, बसायच्या जागी हमखास विरलेलं असतं. तो भाग आत घालायचा, पदर वर.

लुगडं कापायची गरज नाही. नऊ वार म्हणजे 27 फूट. चार पदरी घडी घातली की पावणेसात फूट लांब, पन्ह्याएवढं रुंद आणि चार थर आयते. सहावारीची तीन पदरी घडी सहा फुटांची होते. दोन लुगडी एकावर एक, आठ थर, थंडीला पुरे. त्याहून जाड मी करत नाही, ओली झाली की उचलवत नाही.

आता सरकण्याचं. फरशीवर पसर, कडांवर जड काहीतरी ठेव. आम्ही पाटे ठेवतो, तू तांदळाचे डबे ठेव. झोळ हातानं मधून कडेला सारत ये. मग मधूनच सुरू करून वीत-वीत अंतरावर उभे-आडवे लांब कच्चे टाके घाल. कंटाळवाणं काम आहे, पण सगळी गोधडी त्यावरच. हे चुकवलंस तर पुढे काहीही कर, झोळ येणारच.

कच्चं झालं की कडा आत दुमडून तिथून धावदोरा सुरू करायचा आणि गोल-गोल आत यायचं, दोन ओळींत बोटभर अंतर. सुई लांब, मोठ्या नाकाची. दाभण नको, भोकं पडतात. दोरा हातभरच घे आणि मेणावरून ओढ, गुंता होत नाही.

शिलाई_ठाणे:
मशीनवरही होते. 16 किंवा 18 नंबरची सुई, टाका लांब, मशीनचा कापड दाबणारा पाय असतो त्याचा दाब कमी. आधी मधली रेघ मारा, मग एकेक बाजूला. दरवेळी वरून खालीच. पण आठ थर घरगुती मशीन ओढणार नाही, सुई मोडेल.

माई_मिरज:
चार थरांचं पातळ पांघरूण मशीनवर छान होतं, मान्य. पण मशीनची गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ राहते. आणि पुढे एखादी जागा विरली तर हाताचा टाका तेवढाच उसवून दुरुस्त करता येतो.

कोथरूडकर:
माई, हातानंच करतो मग. एक लुगडं मधोमध हातभर फाटलंय, ते काढून टाकू का?

माई_मिरज:
टाकतोस कशाला? थिगळ लाव. चारी बाजू आत दुमडून, फाटलंय त्याच्या दोन बोटं पलीकडे, धड कापडावर टाका धर. रंग जुळवत बसू नकोस. आणि चंद्रकळा वरच्या थराला घेणार असलास तर दोरा पांढरा घे आणि दिवसाउजेडी शीव. रात्री काळ्यावर काळा टाका दिसत नाही, सगळ्या ओळी वाकड्या जातात.