एके-४७ कॉपी नाही, खरी गोष्ट काडतुसाची आहे
एकांनी लिहिलंय की रशियन एके-४७ म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन एसटीजी ४४ रायफलची कॉपी. बाहेरून दिसतात सारख्या, पण आतलं मेकॅनिझम वेगळंय, जर्मन रायफलचा बोल्ट (गोळी झाडताना नळीचं मागचं तोंड बंद ठेवणारा भाग) तिरका होऊन लॉक होतो, कलाश्निकोवचा म्हणजे एके-४७चा गोल फिरून. सारखी आहे ती आयडिया, आणि ती काडतुसात आहे. जुन्या रायफलींची गोळी १००० मीटरपर्यंत सहज जायची पण लढाई व्हायची ३००-४०० मीटरच्या आत, आणि एवढं दमदार काडतूस फुल ऑटोवर, म्हणजे ट्रिगर दाबून धरून सलग, झाडलं की नळी वर उसळते, नेम राहतच नाही. सबमशीनगन (पिस्तुलाची गोळी सलग झाडणारी छोटी बंदूक) ताब्यात राहायची पण तिची गोळी १००-१५० मीटरनंतर दम सोडते. म्हणून जर्मनांनी आपल्या जुन्या रायफलचं ७.९२ मिमीचंच काडतूस घेतलं आणि केसची लांबी ५७ मिमीवरून ३३वर आणली. रशियनांचं असंच मधलं काडतूस, म्हणजे रायफल आणि पिस्तुलाच्या मधल्या ताकदीचं, १९४३चं.

आणि हे कुणी बोलतच नाही, आपल्या लष्कराची जुनी एसएलआर रायफल ज्या बेल्जियन फॅल रायफलवरून आली तिचा सुरुवातीचा प्रोटोटाइपही याच छोट्या जर्मन काडतुसाचा होता! पुढे अमेरिकेच्या हट्टापायी नेटोने ७.६२ बाय ५१ मिमीचं पूर्ण ताकदीचं काडतूस घेतलं आणि आपले जवान इन्सास (एसएलआरनंतरची भारतीय रायफल) येईपर्यंत तेच जड काडतूस वाहत राहिले.