मदत हवी आहे: लाइम डिसीजची केस हाताळलेले न्यूरॉलॉजिस्ट (ठाणे / नवी मुंबई)

नमस्कार मंडळी, आम्ही घोडबंदर रोडला राहतो. बाबा (वय ६८) मे ते जुलै ताईकडे अमेरिकेत कनेक्टिकटला होते. लाइम गाव तिथलंच, रोगाला नावही त्यावरूनच पडलं. जूनमध्ये त्यांच्या गुडघ्यामागे बशीएवढा लाल चट्टा उठला होता. "डास चावला असेल" म्हणत कैलास जीवन लावून मोकळे झाले! लाइम गोचीड चावल्याने होतो, पण गोचीड कुणाला दिसलीच नाही. तिचं पिल्लू म्हणे खसखशीच्या दाण्याएवढं असतं.

रविवारी सकाळी बाबांच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून चहा गळून बनियनवर सांडायला लागला. उजवा डोळाही मिटेना. एमआरआयमध्ये स्ट्रोक नाही. जवळच्या डॉक्टरांनी "गार वारा लागला" म्हणून स्टिरॉइड दिलं. चट्ट्याचा फोटो दाखवला तर म्हणाले, "हा आजार आपल्याकडे नसतो." अहो, पण बाबा तिकडूनच आलेत ना!

तर, आधी एलायझा आणि मग वेस्टर्न ब्लॉट, या लाइमच्या दोन्ही रक्ताच्या टेस्ट इथे कुठे होतात? नुसता चेहऱ्याचा लकवा असेल तर २-३ आठवडे डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक, मेंदू किंवा मज्जारज्जूपर्यंत गेलं असेल तर शिरेतून सेफ्ट्रिअॅक्सोन, एवढं वाचलंय. ताईची शेजारीण सहा महिने अँटिबायोटिक घ्या म्हणते. मला पटत नाही, इतक्या लांब कोर्सचा क्लिनिकल ट्रायल्समध्ये फायदा दिसलेला नाही.

स्टिरॉइड चालू ठेवायचं का, हेही विचारायचंय. कुणाला अनुभव असेल तर आजच सांगा, प्लीज. वाशी-नेरूळपर्यंत यायची तयारी आहे.