लिफ्ट वजनाइतकीच असते, मग विमान वर राहतं कसं?

परतूरची_टीचर
नमस्कार मंडळी. नववीला गतीचे नियम शिकवायलेय. फळ्यावर विमान काढलं, चार बाण दाखवले: वर लिफ्ट (हवा पंखाला वर उचलते तो जोर), खाली वजन, पुढं थ्रस्ट (इंजिनाचा जोर), मागं ड्रॅग (हवेचा अडथळा). एका उंचीवर सरळ उडताना वरचा बाण खालच्याइतका, पुढचा मागच्याइतका, असं सांगितलं. एक पोरगी उठली. "मॅडम, सगळीकडून सारखंच ओढलं तर ते जागेवर थांबायला पाहिजे ना? आणि वर राहायचं तर लिफ्ट थोडी तरी जास्त नको का?" मी न्यूटनचा पहिला नियम म्हणून दाखवला. तिनं मान हलवली, पण पटलेलं नव्हतं. मागच्या बाकावरून दुसरा प्रश्न आला: पेट्रोल जळून वजन घटत जातं, मग बरोबरी टिकते कशी? आकड्यांसकट कुणी नीट समजावून सांगेल का?

जालन्याचा_पप्पू
सोपं आहे. पंख वरून फुगीर असतो. वरच्या हवेला लांबचा रस्ता, खालच्या हवेला जवळचा. दोघींना मागं एकाच वेळी पोचायचं असतं म्हणून वरची पळते, पळाली की दाब कमी. झाली लिफ्ट.

गेवराईचा_फिटर
पप्पूभाऊ, एकाच वेळी पोचायचा करार त्या हवेनं कुणाशी केलाय? वरची हवा पळते हे खरं, पण इतकी पळते की खालच्या हवेच्या आधीच मागच्या कडेला पोचते. आणि रस्त्याच्या लांबीवर लिफ्ट ठरत असती तर कसरती करणारी विमानं पालथी उडालीच नसती.

मॅडम, मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर होतो, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा. बरीचशी नोकरी एएन-32 या मालवाहू विमानावर गेली. आता गावाकडं कापूस बघतो. पोरीला गप्प करू नका, तिनं नेमकं बोट ठेवलंय.

तिला वाटायलंय की हलत राहायचं तर जोर जास्त पाहिजे. विहिरीवर न्या तिला. बादली एकसारख्या वेगानं वर येत असते तेव्हा दोराचा ताण बादलीच्या वजनाइतकाच असतो. जास्तीचा जोर लागतो तो सुरुवातीच्या हिसक्याला, म्हणजे वेग बदलायला. विमानाचंही तेच. एका उंचीवर आहे म्हणजे वर-खाली वेग शून्य, आणि तो शून्यच ठेवायचाय. लिफ्ट कायम थोडी जास्त राहिली तर विमान तिथं तरंगणार नाही, दर सेकंदाला आणखी जोरात वर जाईल. पुढच्या वेगाचंही तसंच: थ्रस्ट आणि ड्रॅग सारखे झाले की आहे तो वेग टिकतो, विमान थांबत नाही.

आता आकडे घ्या. एएन-32 चं उड्डाणाचं कमाल वजन 27,000 किलो, आपल्या भाषेत 270 क्विंटल. पंखाचं क्षेत्रफळ 75 चौरस मीटर. भागलं तर चौरस मीटरला 360 किलो. लई वाटतं ना? पण समुद्रसपाटीला हवा प्रत्येक चौरस मीटरवर दहा हजार किलोंच्या वर दाब देत असते. म्हणजे पंखाच्या खालच्या आणि वरच्या दाबात सरासरी साडेतीन टक्क्यांचा फरक पडला की 270 क्विंटल उचलले गेले. पाच किलोमीटर उंचीवर हवेचा दाब जवळपास निम्मा होतो, तिथं हाच फरक सहा-सात टक्के लागतो.

हाच हिशोब हवेच्या बाजूनंही मांडता येतो. पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत 29 मीटर. तेवढ्या व्यासाच्या गोलातली हवा धरा, उंची पाच किलोमीटर, वेग ताशी 470 किलोमीटर. सेकंदाला साधारण 64 टन हवा त्या गोलातून जाते. तिला सेकंदाला चार मीटरच्या जरा वर वेगानं खाली ढकललं की 27 टन तोलले जातात. हिशोब ढोबळ आहे, पण फळ्यावर मांडण्याजोगा. दाब आणि ढकललेली हवा ही दोन वेगळी कारणं नव्हेत, एकच बळ दोन बाजूंनी मोजलंय.

एक गोष्ट पुस्तकातल्या चित्रात येत नाही. आम्ही विमानाचं वजन करायचो ते हँगरमध्ये. विमान जॅकवर घ्यायचं, प्रत्येक जॅकवर लोड सेल, म्हणजे भार मोजणारं उपकरण. आधी दारं बंद. कारण वाऱ्याची झुळूक आत आली की उभ्या विमानाचा पंखसुद्धा थोडी लिफ्ट द्यायला लागतो आणि आकडा हलतो! त्या मोजणीतून नुसतं वजन नाही, गुरुत्वमध्यही काढायचा असतो. तो सहसा पंखाच्या लिफ्टच्या जरा पुढं ठेवतात, त्यामुळं नाक खाली झुकू बघतं, म्हणून शेपटीचा आडवा पंख खालच्या दिशेनं दाब देतो. म्हणजे पंखांना विमानाचं वजन आणि वर शेपटीचा दाबही पेलावा लागतो. वजनाइतकी असते ती पंख आणि शेपटी मिळून अख्ख्या विमानाची लिफ्ट.

इंधनाचं नंतर लिहितो, मोटारीवर लाईट आलीय.

नांदेड_मेकॅनिकल
काका येईपर्यंत इंधनाचं मी सांगतो. लिफ्ट = अर्धा × हवेची घनता × वेगाचा वर्ग × पंखाचं क्षेत्रफळ × लिफ्टचा गुणांक. गुणांक मुख्यतः पंख समोरच्या हवेला किती कोनात भिडतो त्यावर ठरतो. वजन घटलं की पायलट किंवा ऑटोपायलट नाक किंचित खाली करतो, कोन कमी, गुणांक कमी, लिफ्ट वजनाला येऊन मिळते. कोन तोच ठेवायचा असेल तर वेग कमी करावा लागतो: वजन 10 टक्के घटलं तर वेग 5 टक्क्यांनी. तिसरा मार्ग म्हणजे वर विरळ हवेत जायचं. लांब पल्ल्याची जेट विमानं इंधन जळेल तसतशी टप्प्याटप्प्यानं उंची वाढवतात ती म्हणूनच.

घनतेचं आपल्याकडचं उदाहरण: छत्रपती संभाजीनगरचा (औरंगाबादचा) चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 580 मीटर उंच. मे महिन्यात पारा 41 वर गेला की तिथली हवा समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा 14 टक्के विरळ असते. तेवढ्याच वजनाला खरा वेग 8 टक्के जास्त लागतो, धावपट्टी जास्त खाल्ली जाते.

पण काका, वर चढताना तरी लिफ्ट वजनापेक्षा जास्त लागतेच ना?

गेवराईचा_फिटर
नाही ना! इथंच भले भले फसतात. चढ सुरू करताना क्षणभर जास्त लागते, विहिरीवरच्या बादलीच्या हिसक्यासारखी. एकदा एकसारखा चढ धरला की लिफ्ट वजनापेक्षा किंचित कमीच असते, कारण ती उड्डाणाच्या दिशेला काटकोनात असते आणि ती दिशाच तिरकी झालेली असते. 5 अंशांच्या चढाला लिफ्ट वजनाच्या 99.6 टक्के. तिरक्या दिशेत वजनाचा एक भाग विमानाला मागं ओढतो, तो भार इंजिनावर: वजनाच्या जवळपास 9 टक्के थ्रस्ट ड्रॅगच्या वर जादा लागतो. चढवतं ते इंजिन.

आणि झोताचं सांगायचं राहिलं. खालून वाऱ्याचा झोत आला, लिफ्ट वाढली, विमान वर सरकायला लागलं की समोरची हवा पंखाला जराशी वरून आल्यासारखी भेटते. कोन आपोआप घटतो, लिफ्टही घटते. म्हणजे बरोबरी दर क्षणाला पायलटच राखतो असं नाही, बरंचसं विमान स्वतः सावरतं.

परतूरची_टीचर
काका, दादा, खूप आभार. दोराचा ताण उद्या स्प्रिंगकाट्यावर दाखवते. शेवटचं एक विचारू? 2015 च्या दुष्काळात चिकलठाण्यावरून कृत्रिम पावसाची विमानं उडायची. आकाशात वळताना विमान पंख कलतं करतं, तेव्हाही लिफ्ट वजनाइतकीच का?

जालन्याचा_पप्पू
त्या विमानानं आमच्याकडं पाऊस पाडला असता तर आम्हीच त्याला उचलून धरलं असतं 😀

गेवराईचा_फिटर
पप्पूभाऊ 😀

मॅडम, वळताना जास्त लागते. लिफ्ट पंखाबरोबर कलते, तिचा एक भाग विमानाला आत ओढून वळवतो आणि उभा भागच वजन पेलतो. तो उभा भाग वजनाइतका ठेवला नाही तर उंची जाते. म्हणून 30 अंश कलल्यावर लिफ्ट वजनाच्या 1.15 पट, 60 अंशांना दुप्पट. 60 अंशांच्या वळणात आतल्या माणसालाही आपलं वजन दुप्पट झाल्यासारखं वाटतं, हात उचलायला जड जातो. स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली गेलं की पंख पुरेशी लिफ्ट देऊ शकत नाही तो वेगही वाढतो, 60 अंशांना 41 टक्क्यांनी. म्हणून जमिनीजवळ, कमी वेगात, ताठ वळण घ्यायचं नाही. 45 अंशांचं गणित पोरांकडून करून घ्या, 1.41 आलं पाहिजे.